टेस्ट लाल झाल्यावर ती कुणीतरी वाचणार असतं

मॅन्युअल टेस्टिंगमधून ऑटोमेशनमध्ये आले तेव्हा सेलेनियमचा (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाचा) एक जुना सुईट, म्हणजे टेस्टचा संच, माझ्याकडे सोपवला गेला. तो लिहिणारा टीम सोडून गेला होता. टेस्टची नावं ‘चेकआउट ७’, ‘चेकआउट ७ नवीन’ अशी. एका रिलीजच्या आदल्या संध्याकाळी त्यातली एक टेस्ट लाल झाली, म्हणजे फेल गेली. संदेश एवढाच: ‘अपेक्षित ट्रू, मिळालं फॉल्स’. आत दीडशेच्या आसपास ओळी, मध्ये मध्ये दहा-दहा सेकंदांचे स्लीप (नुसतं थांबून राहण्याच्या सूचना) आणि शेवटी कुठल्याशा आकड्याशी तुलना. तो आकडा आला कुठून, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन तास डोकं लावलं आणि ‘ही फ्लेकीच आहे’, म्हणजे उगाच कधी पास कधी फेल होते, म्हणून स्किप केली. रिलीजनंतर तक्रारी आल्या: कूपन लावून पेज रिफ्रेश केलं की सूट दोनदा वजा होत होती. टेस्टनं चूक बरोबर पकडली होती, पण तिचं म्हणणं आम्हाला वाचता आलं नाही.

तेव्हापासून टेस्ट लिहिताना मी एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवते: ती फेल झाल्यावर घाईत उघडणारा. त्याला ॲप्लिकेशन नीट माहीत नसेल, आणि मी तिथे नसेन.

सुरुवात नावापासून. प्लेराइट, सायप्रेस, जेस्ट या टेस्टिंगच्या साधनांत टेस्टचं नाव साधी स्ट्रिंग असते, म्हणजे अख्खं वाक्य लिहिता येतं. वरच्या टेस्टचं नाव मी नंतर ‘कूपन लावून पेज रिफ्रेश केलं तरी सूट एकदाच वजा होते’ असं केलं. नावात ‘आणि’ घालावंसं वाटलं, तर बहुतेक वेळा तिथे दोन टेस्ट दडलेल्या असतात.

पण खरं कसब लागतं ते काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे ठरवताना, आणि नवीन मुलं सगळ्यात जास्त इथेच अडतात. तयारी, कृती, पडताळणी हे तीन भाग सगळ्यांना शिकवलेले असतात. मात्र तयारीत ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन अशा वीस ओळी असतात आणि वस्तूची किंमत कुठल्यातरी फिक्स्चर फाइलमध्ये (टेस्टसाठीचा तयार डेटा ठेवलेल्या फाइलमध्ये) लपलेली असते. हे नेमकं उलट हवं. पत्त्याचा निकालावर परिणाम होत नसेल, तर तो हेल्परमध्ये (तयारी करून देणाऱ्या सामाईक फंक्शनमध्ये) डिफॉल्ट म्हणून जाऊ द्या. किंमत १०००, सूट १० टक्के, अपेक्षित एकूण ९०० हे तीन आकडे मात्र टेस्टमध्येच, एकमेकांजवळ दिसले पाहिजेत. आणि ९०० थेट लिहा. ॲप्लिकेशनमधलंच सूत्र टेस्टमध्ये वापरून तो आकडा काढलात, तर सूत्रातली चूक दोन्हीकडे सारखीच येईल आणि टेस्ट हिरवी राहील.

पुनरावृत्ती टाळा हे आपल्यात इतकं भिनलेलं असतं की मीही एकदा चार पातळ्यांचे बेस क्लास (सामाईक कोड ठेवायचे क्लास) रचले होते. एक टेस्ट समजून घ्यायला पाच फाइली उघडाव्या लागत. आता टेस्टमध्ये दोन-तीन ओळी पुन्हा आल्या तर मी येऊ देते. पेज ऑब्जेक्ट (एका पानावरच्या कृती एकत्र ठेवणारा क्लास) जरूर वापरा, पण त्यातल्या मेथडची नावं वापरकर्त्याच्या हेतूवरून असू द्या: ‘कूपन लावा’, ‘निळ्या बटणावर क्लिक करा’ नव्हे. पडताळणी टेस्टमध्येच ठेवा. सेलेनियमचं डॉक्युमेंटेशनही तेच सांगतं. पान नीट उघडलं का, एवढी तपासणी तेवढी पेज ऑब्जेक्टमध्ये चालते.

लोकेटरही (पानावरचा घटक कसा शोधायचा हे सांगणाऱ्या ओळी) वाचले जातात. ‘तिसऱ्या डिव्हमधला दुसरा स्पॅन’ असा एक्सपाथ (पानाच्या रचनेतला घटकाचा पत्ता) वाचून काही कळत नाही, आणि मांडणी जरा बदलली की तो तुटतो. ‘पैसे भरा नावाचं बटण’ असं रोल (घटकाची भूमिका: बटण, लिंक वगैरे) आणि नावावरून शोधलं की ओळ वाचताच अर्थ लागतो. याचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. रोलनं बटण सापडत नसेल, तर बऱ्याचदा ते साध्या डिव्हचं बनवलेलं असतं, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ते बटण म्हणून कळत नाही. ही त्रुटी डेव्हलपरला जरूर सांगा. साइट अनेक भाषांत असेल किंवा मजकूर सारखा बदलत असेल, तर टेस्ट आयडी (टेस्टसाठी घटकाला दिलेली खास खूण) घ्या.

स्लीप नकोच. आपण कशाची वाट बघतोय हे त्यातून कळत नाही. सेलेनियममध्ये एक्सप्लिसिट वेट (ठरावीक गोष्ट घडेपर्यंत थांबणं) लिहा आणि त्यात इम्प्लिसिट वेट (प्रत्येक घटक शोधताना सरसकट थांबणं) मिसळू नका. १० सेकंदांचा इम्प्लिसिट आणि १५ सेकंदांचा एक्सप्लिसिट एकत्र आले तर टाइमआउट २० सेकंदांनीही होऊ शकतो. प्लेराइट क्लिकपूर्वी एलिमेंट दिसतंय का, स्थिर आहे का, सक्रिय आहे का हे स्वतःच बघतं.

क्युकंबर (साध्या भाषेत लिहिलेल्या फीचर फाइलवरून टेस्ट चालवणारं साधन) वापरलं की टेस्ट आपोआप वाचनीय होतात, हा समज सोडा. फीचर फाइल प्रोग्रामिंग न करणारं कुणी खरोखर वाचत असेल, तर ती मेहनत सार्थकी लागते. एरवी सांभाळायला एक थर वाढतो, बस.

आणि एक सवय आजपासून लावून घ्या. टेस्ट हिरवी झाली की लगेच कमिट करू नका. कोडमध्ये मुद्दाम चूक करून ती लाल करा आणि फक्त संदेश वाचा. त्या कूपनच्या टेस्टवर मी हे केलं. तुलनेचं उत्तर ट्रू-फॉल्समध्ये घेण्याऐवजी थेट रक्कम तपासली, सूट दोनदा वजा होऊ दिली आणि नावाखाली ओळ आली: ‘अपेक्षित ९००, मिळालं ८१०’. शेजारी बसलेल्या, हे पेज कधीही न पाहिलेल्या सहकाऱ्याला स्क्रीन दाखवली. हजारातून दहा टक्के गेले, उरलेल्यातून पुन्हा दहा टक्के गेले, हे त्यानं कोड न उघडताच सांगितलं.