खुनाच्या अपिलाचं पेपर बुक कसं वाचावं

नव्या सनदेवर सोलापूरच्या कोर्टात आलेल्या ज्युनिअरांना मी एक सांगते: पेपर बुक (अपिलासाठी बांधलेला खटल्याच्या कागदांचा संच) हातात आलं की निकालपत्र आधी उघडू नका. मी उघडलं होतं. घरातल्या खुनाचं माझं पहिलं अपील. नवऱ्याला जन्मठेप, नेत्रसाक्षीदार एकच, समोरची शेजारीण. निकाल वाचला आणि वाटलं, आता यात बोलायला उरलंय काय? माझ्या सिनिअरांनी, म्हणजे सरांनी, फाइल ओढून घेतली. म्हणाले, "आधी घड्याळ मांड."

घड्याळ म्हणजे कागदावर एक उभी रेघ. घटना, ठाण्याला मिळालेली पहिली खबर, फिर्याद, पंचनामे, शवविच्छेदन, प्रत्येक साक्षीदाराचा जबाब, सगळं वेळेसकट. शिवाय गुन्ह्याचा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे कधी पोचला तेही (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 157, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 176). नवखे नेमकं हेच सोडतात.

शेजारणीचा जबाब चौथ्या दिवशीचा निघाला. मी उडालेच! सर शांतपणे म्हणाले, "तपास अधिकाऱ्याला याचं कारण विचारलंय का, ते बघ." उलटतपासणीत तो प्रश्नच नव्हता. अधिकाऱ्याला खुलाशाची संधीच दिली नसेल, तर अपिलात त्या चार दिवसांवर फार बोलता येत नाही.

थुलिया काली खटल्यात (1972) सर्वोच्च न्यायालयाने फिर्यादीला झालेल्या वीस तासांच्या उशिरावर बोट ठेवलं, कारण एवढ्या वेळात हकिगत रचता येते. पण तो आकडा पाठ करून सगळीकडे लावू नका. घरातल्या मृत्यूत आधी दवाखाना गाठतात, मग अकस्मात मृत्यूची नोंद होते, माहेरची माणसं गावाहून येतात, आणि तेव्हा कुठे कोणी तोंड उघडतं. त्या तासांत कोण कोणाला भेटलं, ते शोधा.

साक्षीकडे येऊ. एकच साक्षीदार म्हणून अडत नाही. साक्षीदारांची ठरावीक संख्या कायदा मागत नाही. वडिवेलू थेवर (1957) वाचा: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि मधला, असे तीन प्रकार. खरं काम मधल्याचं. नातेवाईक म्हणजे खोटा, हाही समज दलीप सिंग (1953) वाचून सोडून द्या. आणि बंद घरात बायको मेलेली सापडली, तर नवऱ्याला खुलासा द्यावा लागतो. त्रिमुख किरकण (2006) खटल्यात सर्पदंश सांगितला होता, शवविच्छेदनात गळा दाबलेला निघाला. तरी पायाभूत गोष्टी आधी सरकार पक्षानेच सिद्ध करायच्या असतात.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू भाषिक वस्तीतल्या, केसमध्ये एक जास्तीची गाठ असते, भाषेची. ही शेजारीण विडी वळणारी, घरात तेलुगू बोलणारी. पोलीस जबाब मात्र "सदर इसमाने" अशा अस्सल ठाण्याच्या मराठीत. कोर्टात ती दुभाष्यामार्फत बोलली, आणि वरवंट्याचा उल्लेख तिथे पहिल्यांदा आला. बचाव पक्षाने ते ओमिशन, म्हणजे पोलीस जबाबात नसलेली गोष्ट, म्हणून नोंदवून घेतलं. पण ते तिच्या तोंडून सुटलं की लिहिणाऱ्याच्या हातून? लिहून घेणाऱ्या अंमलदाराला तेलुगू येत होतं का, हे कुणीच विचारलं नव्हतं. पेपर बुकात मूळ जबाब नसला तर रेकॉर्डमधून काढून घ्या. मराठी कळतं म्हणून इंग्रजी भाषांतरावर विसंबायची आपल्याला गरजच नाही.

व्यवहाराचं थोडक्यात: शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपिलाची मुदत 60 दिवस, आणि निकालाची नक्कल मिळण्यात गेलेला काळ वजा होतो. आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर जाऊन सकाळी मुंबईत उभे राहायचो. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची अपिलं हायकोर्टाच्याच कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

त्या अपिलात मी सगळा जोर आवाजावर दिला होता. खाली यंत्रमाग चालू, मग किंकाळी ऐकू आली कशी? मुद्दा मला फारच आवडला होता. न्यायमूर्तींनी घटनास्थळाचा नकाशा उघडायला सांगितला. शेजारणीची खिडकी आणि आरोपीचं दार समोरासमोर, मध्ये जेमतेम बोळ. तिने ऐकलं नव्हतंच, पाहिलं होतं, आणि सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी घेतलेल्या साक्षीत, ती तेच म्हणाली होती.