पाण्यासाठी निधी मागणारं पत्र कसं तपासावं

मार्च उजाडला की आमच्या विश्वस्त संस्थेकडे पाण्यासाठी मदत मागणारी पत्रं येऊ लागतात. कुणाला पाण्यातले क्षार गाळणारा आरओ प्लांट हवा असतो, कुणाला टाकी, तर कुणाला विहिरीतला गाळ काढायचा असतो. प्रत्येक पत्रामागची तहान खरी असते, म्हणूनच ते नीट तपासायला हवं. चुकीच्या उपायावर पैसे गेले, तर गावाची तहान तशीच राहते आणि पुन्हा मागायची उमेदही जाते.

पायरी १ : पेन्सिल घेऊन वाचा

आधी पत्र सलग वाचा. मग फक्त पाण्याबद्दलच्या ठोस माहितीखाली रेघ मारा. पाणी विहिरीचं, बोअरचं की नळयोजनेचं? त्यात नेमकं काय खराब आहे? त्रास कोणत्या महिन्यांत होतो? चार पानांत अशी एकही रेघ मारता आली नाही, तर नकार कळवू नका, माहिती मागवा. गावात पत्र लिहिणाऱ्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

पायरी २ : दुखणं आणि औषध जुळतं का, ते पाहा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. "पाणी दूषित आहे" एवढ्याने भागत नाही, तपासणीचा अहवाल हवाच. नमुना कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, ते पाहा. पावसाळ्यात विहिरीतून घेतलेल्या नमुन्यावरून उन्हाळ्यातल्या बोअरचं पाणी कळत नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार लिटरमागे फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाच्या पत्रात लिहिलं होतं, मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, चाळिशीतल्या माणसांना वाकता येत नाही. वाचून पोटात कालवलं. मागणी मात्र क्लोरिन सोडणाऱ्या यंत्राची होती. लक्षणं फ्लोराइडची होती आणि क्लोरिन फक्त जंतू मारतं. पाणी उकळलं तर फ्लोराइड उलट दाट होतं. आम्ही सरपंचांना फोन करून गावातले सगळे स्रोत तपासायला सांगितले. बोअरमध्ये फ्लोराइड जास्त निघालं, पण वापरात नसलेल्या जुन्या विहिरीत ते मर्यादेत होतं. शेवटी निधी दिला तो विहिरीचा गाळ काढायला आणि पाइपलाइनला.

उलटंही घडतं. पावसाळ्यात जुलाब आणि काविळीची साथ येते म्हणून आरओ मागतात. तिथे आधी गटारालगतची फुटकी पाइपलाइन बदलायला हवी, जंतू मारणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर पडायला हवी.

पायरी ३ : लिटरचा हिशोब मांडा

गाव १,२०० लोकांचं असेल आणि पिण्या-रांधण्यासाठी माणशी ५ लिटर धरले, तर रोज ६,००० लिटर लागतात. तासाला ५०० लिटर देणारं यंत्र त्यासाठी १२ तास चालवावं लागेल. तेवढा वेळ वीज असते का? आरओमधून बाहेर पडणारं खारं पाणी कुठे सोडणार? पत्रात नसेल तर विचारा.

पायरी ४ : यंत्र बसल्यावर पुढे काय?

मेम्ब्रेन, म्हणजे आरओमधला गाळणीचा पडदा, कोण बदलणार, वीजबिल कुठून भरणार, यंत्र चालवणाऱ्याचा पगार किती? "आम्ही काळजी घेऊ" या वाक्यावर मी आता थांबत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि पाणीपट्टीचा आकडा मागते. बंद पडलेल्या प्लांटच्या शटरला लागलेलं गंजकं कुलूप मी पाहिलं आहे.

पायरी ५ : आधीचे पैसे

जलजीवन मिशनची योजना किंवा वित्त आयोगाचा निधी मंजूर असेल, तर तो कुठे अडला ते पत्रात यावं. तुम्ही कंपनीतर्फे वाचत असाल, तर कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सुरक्षित पिण्याचं पाणी आहेच. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, देता येतं.

पायरी ६ : गावात जा

शक्यतो मे महिन्यात जा, तेही पाणी भरायच्या वेळेला. पाणी भरणाऱ्या बाईला विचारा, "ताई, या पाण्यात डाळ शिजते का?" ती "नाही" म्हणाली, तर पाणी बहुधा जड आहे. पत्रात त्याचा उल्लेख नसेल, तर क्षारांची तपासणी करून घ्या आणि मगच रक्कम ठरवा.