बारावीच्या इंग्रजी तोंडी परीक्षेची तयारी: मुलांना बोलतं कसं करावं

साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास. एकेकाला उभं करून इंग्रजीत बोलायला लावलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट येतं, आणि बाकीचे एकोणसाठ जण तेवढा वेळ गप्प बसतात. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. म्हणजे आज बारावीत बसलेलं मूल बारा वर्षं इंग्रजी वाचत-लिहीत आलेलं असतं. तरी सलग दोन मिनिटं इंग्रजीत बोललेली मुलं वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात. तोंडी परीक्षेची तयारी म्हणजे ही बोलण्याची मिनिटं वाढवणं. पुढे सांगितलेलं सगळं त्यासाठीच आहे.

राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखीला आणि २० तोंडीला असतात. तोंडी परीक्षा लेखीच्या आधी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होते. ऐकणं आणि बोलणं, दोन्ही तपासलं जातं. गुणांची विभागणी मंडळाच्या मूल्यमापन आराखड्यातून उतरवून घ्या आणि वर्गात लावून ठेवा. कशाला गुण मिळणार हे मुलांनाही कळू द्या. मग दिवाळीची सुट्टी संपली की आठवड्यातले दोन तास या कामाला बाजूला काढा. जानेवारीत जागं होऊन काही हाती लागत नाही.

पहिल्याच तासाला आवाज टिपून घ्या

प्रत्येकाला स्वतःबद्दल एक मिनिट बोलायला सांगा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. वर्ग मोठा असेल तर चार-पाच दिवस लागतील, लागू द्या. या वेळी काहीही सुधारू नका, फक्त ऐका. निम्मी मुलं "मायसेल्फ संदीप" अशी सुरुवात करतील, बरीचशी तिसऱ्या वाक्याला थांबतील, काही जण पाठ केलेला उतारा एका श्वासात म्हणून टाकतील. तिघांचा आजार वेगळा, म्हणून औषधही वेगळं. हे ध्वनिमुद्रण जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

जोड्या लावा

एका बाकावरची दोन मुलं एकमेकांशी बोलू लागली की त्याच पस्तीस मिनिटांत प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळतात. अर्ध्या मिनिटाची पंधरा मिनिटं होतात, तीही एक पैसा खर्च न करता. गलका होणारच. शेजारच्या वर्गाला आणि प्राचार्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

जोडी रोज बदला, नाहीतर मित्र-मित्र मराठीत गप्पा मारत बसतात. हुशार मुलाला अगदी कच्च्या मुलासमोर बसवू नका. तो बोलत राहतो आणि दुसरा माना डोलावतो. उन्नीस-बीस फरकाची जोडी चांगली चालते. आणि विषय घरचा, गावचा द्या: सकाळपासून आतापर्यंत काय काय केलं, गावच्या आठवडी बाजारात काय मिळतं, एसटी चुकली तर कॉलेजला कसं पोहोचायचं. 'प्रदूषण' किंवा 'विज्ञान: शाप की वरदान' असे विषय दिले की मुलं निबंध आठवायला लागतात.

दुसऱ्या प्रश्नाची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणीही पाठ करून येतं. परीक्षकाने त्या उत्तरातलाच एक शब्द पकडून पुढे विचारलं की मूल गडबडतं. समजा परीक्षकाने विचारलं, "व्हॉट डज युवर फादर डू?"

"ही इज अ फार्मर."

"व्हॉट डज ही ग्रो?"

"सोयाबीन."

"व्हाय सोयाबीन? व्हाय नॉट कॉटन?"

आता शांतता. खरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर त्या मुलाला परीक्षकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, हे त्याने घरात शंभर वेळा ऐकलेलं असतं. त्याला फक्त एवढं हवं असतं: "वी डोन्ट गेट वर्कर्स टू पिक कॉटन." सात शब्दांचं साधं वाक्य. ते त्याच्या तोंडून निघालं की त्या मुलाचा चेहरा बघा. आपल्याला माहीत असलेली गोष्ट इंग्रजीत सांगता येते, हा शोध त्याला तिथे लागतो.

म्हणून जोडीतल्या सरावाला एक नियम घाला. उत्तर आलं की त्यातलाच शब्द घेऊन 'व्हाय', 'हाऊ', 'व्हेन' किंवा 'हू' यांपैकी एक प्रश्न विचारायचाच, असे सलग तीन. विचारणाऱ्यालाही प्रश्न तयार करायची सवय होते. आपण वर्गात मुलांकडून नेहमी उत्तरंच मागतो. प्रश्न विचारायची वेळ त्यांच्यावर क्वचित येते.

स्वतःच्या परिचयाचा उतारा मात्र लिहून देऊच नका. लिहून दिला की तो पाठ होणार, आणि मधला एक शब्द निसटला की गाडी जागीच उभी. त्याऐवजी छोट्या कागदावर पाच-सहा शब्द लिहायला सांगा: गाव, घरची माणसं, आवड, एखादी आठवण, पुढे काय करायचंय. दर वेळी वाक्यं वेगळी झाली तरी चालतील, उलट ती वेगळीच व्हायला हवीत. 'मायसेल्फ' मात्र पहिल्या आठवड्यातच सोडवा. "आय अ‍ॅम संदीप" किंवा "माय नेम इज संदीप" पुरे.

अडलं तर काय म्हणायचं

प्रश्न ऐकूच आला नाही किंवा कळला नाही तर मुलं गप्प राहतात, आणि परीक्षकाला वाटतं याला काहीच येत नाही. तीन वाक्यं तोंडात बसवा: "कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?", "लेट मी थिंक फॉर अ मोमेंट" आणि "आय डोन्ट नो द वर्ड, बट इट इज युज्ड फॉर…" यातलं तिसरं मला सर्वात मोलाचं वाटतं. कोळपं, सूप, पाटा-वरवंटा यांना इंग्रजी शब्द आठवला नाही तर ती वस्तू कशासाठी वापरतात ते सांगता आलं पाहिजे. वर्गात अशा वस्तूंची नावं चिठ्ठ्यांवर लिहून ओळखायला लावा. तास कसा संपतो कळत नाही.

उच्चार: थोडेच निवडा

ब्रिटिश धाटणी आणायची गरज नाही, समोरच्याला स्पष्ट कळलं की झालं. 'स्कूल', 'स्टेशन' आपल्याला जड जात नाहीत, कारण स्नान, स्पर्श, स्त्री हे शब्द जिभेवर असतातच. मराठी जीभ अडते ती दुसरीकडे.

एक म्हणजे भूतकाळी क्रियापदं. मुलं 'आस्केड', 'वॉकेड' वाचतात. हवं असतं 'आस्क्ट', 'वॉक्ट'. शेवटचा 'इड' फक्त 'ट' किंवा 'ड' नंतर येतो, जसं 'वॉन्टेड', 'नीडेड'. दुसरं, 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांतला फरक: पहिल्यात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. तिसरं 'शिप' आणि 'शीप'. ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनात पाळतो, बोलताना फारसा पाळत नाही, म्हणून हा भेद कानाला मुद्दाम शिकवावा लागतो. आणि आघात: 'फोटोग्राफ'मध्ये जोर शब्दाच्या पहिल्या अवयवावर, म्हणजे 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर, 'टो'वर सरकतो. टाळी वाजवून म्हणून घ्या. एवढं पुरे.

ऐकण्याच्या सरावासाठी शंभर-दीडशे शब्दांचा अनोळखी उतारा दोनदा वाचून दाखवा आणि प्रश्न तोंडीच विचारा. इतर इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर मोफत मिळतात. त्यातले उतारे चालतात.

चुका केव्हा सुधाराव्या

मूल बोलत असताना कधीच नाही. "शी गो टू मार्केट" म्हणालं तरी पूर्ण बोलू द्या, कागदावर टिपून ठेवा, आणि तासाच्या शेवटी नाव न घेता चार-पाच चुका फळ्यावर लिहून सगळ्यांकडून दुरुस्त करून घ्या. एकदा वर्गासमोर अर्ध्यात तोडलेलं मूल पुन्हा तोंड उघडायला महिना घेतं.

रंगीत तालीम आणि खरे गुण

परीक्षेच्या दोन आठवडे आधी दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांना परीक्षक म्हणून बसवा. वेगळी खोली, समोरासमोर खुर्च्या, बाहेर रांग. ओळखीच्या सरांसमोर घडाघडा बोलणारी मुलं इथे चाचरतात, आणि ती खऱ्या दिवशी चाचरण्यापेक्षा इथे चाचरलेली बरी.

गुण देताना हात सैल सोडू नका, हे कळवळून सांगतो. दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत गुण शाळा सढळ हाताने देतात या आक्षेपावरून ते २०१९ च्या परीक्षेत काढून टाकले गेले. त्या वर्षी प्रश्नपत्रिकांचा आराखडाही बदलला होता, आणि निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. सरसकट अठरा-एकोणीस मिळाले की तयारी करणारं मूल आणि न करणारं मूल एकाच रांगेत बसतं, आणि पुढच्या वर्षीची मुलं त्यावरून काय शिकायचं ते शिकतात.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी नवं काही घेऊ नका. पुन्हा एक मिनिटाचं ध्वनिमुद्रण करा आणि दिवाळीनंतरचं व आजचं अशी दोन्ही ज्याची त्याला, एकट्याला ऐकवा. मग दोन्ही पुसून टाका.