वडिलांच्या हाताखाली पैठणी शिकताना

येवल्यात ज्यांच्या घरी माग आहे, त्यांना धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा), कांडी (धागा गुंडाळलेली नळी) आणि फणी (विणलेला धागा ठोकून बसवणारी) यांची ओळख नव्याने करून द्यायला नको. पावडीची, म्हणजे मागाखालच्या पायपट्टीची, लय पायांना यथावकाश सापडते. तिची धास्ती बाळगू नये. खरी अडचण वडीलच गुरू असण्यात आहे आणि ती आधी कोणी सांगत नाही.

पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते आणि शेजारच्या दोन रंगांचे बाणे, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकवत पुढे जावे लागते. म्हणूनच हातची पैठणी उलट्या बाजूनेही तितकीच स्वच्छ दिसते. एखादी अडकवण राहून गेली की मोराच्या मानेपाशी बारीक फट पडते. वडिलांना ती लांबूनच दिसते. ते ‘ऊठ जरा’ म्हणतात, स्वतः बसतात, चार ओळी उसवून पुन्हा विणून देतात, आणि फट कोणत्या ओळीत पडली हे शिकणाऱ्याला अखेरपर्यंत समजत नाही. शिवाय त्यांचा फणीचा ठोका भारी आणि आपला हलका असल्यामुळे त्यांच्या भागात बाणे दाटीने बसतात, आपल्या भागात विरळ राहतात, आणि एकाच मोराची मान बुटकी तर अंग लांबट होते. व्यापारी त्याचे पैसे कापतो आणि बोलणी आपल्याला बसतात. मी या चक्रात फार काळ अडकलो होतो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावे, ‘अण्णा, तुम्ही बोट दाखवा, उसवतो मी.’ ते चिडतील, चिडू द्यावे.

शक्य असल्यास सुरुवात काकांच्या किंवा शेजारच्या मागावर करावी, कारण परका माणूस आपल्या हातातले काम इतक्या सहज काढून घेत नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओतून नक्षी कळते, ठोका कळत नाही. जेकार्डवर, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या साधनावर, काठ विणून घर चालवण्यात कमीपणा काहीच नाही, परंतु हातचा पदर येण्याआधीच त्या वाटेला लागलेली मुले सहसा मागे वळत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला पदर वाकडातिकडा आला म्हणून माग सोडू नये. तो सगळ्यांचाच तसा येतो. मात्र मजुरीचा हिशेब पहिल्या साडीपासूनच वहीत मांडून घ्यावा, कारण घरचे काम म्हणून एकदा फुकट बसलेल्या मुलाला पुढे पैसे मागताना फार जड जाते.