लॅपटॉप सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

लॅपटॉप सुरू होईना, की कोणीतरी हमखास सांगतं, "फॉरमॅट मार." याच्याइतका नुकसान करणारा सल्ला दुसरा नाही. बिघाड चार्जरमध्ये असेल किंवा रॅम (कामापुरती तात्पुरती मेमरी) सैल झाली असेल, तर फॉरमॅटने तो जाणार नाही. जातील ते फोटो, हिशेब आणि वर्षभराचं काम. त्यातून एसएसडी (चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) असेल तर 'ट्रिम' या आज्ञेमुळे पुसलेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच रिकाम्या करून टाकतो. मग रिकव्हरी सॉफ्टवेअरच्याही हाती फारसं काही लागत नाही.

आधी एवढंच बघा, की लॅपटॉप नेमका कुठे अडतो. बटण दाबल्यावर दिवाच लागत नाही? दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी? कंपनीचा लोगो येऊन थांबतो? की विंडोजचं चक्र फिरतच राहतं? चारही दुखणी वेगळी आहेत.

दिवाच लागत नाही

बॅटरी गेली असं ठरवून लगेच नवी मागवू नका. चार्जर एक्स्टेन्शन बोर्डाऐवजी थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावून पाहा. टाइप-सी लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर जोडून निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक. पिन बसते, पण बऱ्याच लॅपटॉपना ४५ ते ६५ वॅट लागतात आणि मोबाइलचा साधा चार्जर २० वॅटच्या आसपास देतो. मूळ चार्जरवर अर्धा तास ठेवा. तरीही हालचाल नसेल, तर चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग चार्जर जोडून चालू करा. अडकून पडलेली पॉवरची यंत्रणा यामुळे पुष्कळदा सुटते. फुकटचा उपाय आहे, दुरुस्तीला नेण्याआधी नक्की करा.

टचपॅड वर उचललेलं किंवा तळ फुगलेला दिसला, तर मात्र काहीही करून पाहू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, दाबू-टोचू नका, जाणकाराकडे द्या. पाणी सांडलं असेल तर 'चालू होतोय का' हे बघण्यासाठी बटण दाबू नका. ओल्या बोर्डातून वीज गेली की सुकवून वाचला असता असा लॅपटॉपही जातो.

दिवा आहे, स्क्रीन काळी

इथे लॅपटॉप बंद आहे असं समजणंच चूक. कॅप्स लॉक दाबा; त्याचा दिवा लागतो-विझतो का? तसं असेल तर मशीन चालू आहे. अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट (स्क्रीनमागचा प्रकाश) गेला आहे. टीव्ही किंवा मॉनिटर जोडून चित्र आलं तर दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. कुठेच काही नसेल आणि बीप वाजत असतील किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर ते मोजून लिहून ठेवा. त्याचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, पण तंत्रज्ञाला थेट दिशा मिळते. बऱ्याचदा रोख रॅमकडे असतो. रॅम काढून पुन्हा बसवायची तर आधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही सोडवा.

लोगोवर अडतो

पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड सगळं काढा. लॅपटॉप कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसतो. मग एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी जे बटण तुमच्या कंपनीचं असेल ते दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि ड्राइव्हचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर विंडोज पुन्हा टाकून उपयोग नाही. ड्राइव्ह किंवा त्याची जोडणी बिघडली आहे. बायोसमध्ये चाचपडत सेटिंग बदलू नका. स्टोरेजचा मोड (ड्राइव्हशी संवादाची पद्धत) 'रेड'वरून (RAID) 'एएचसीआय'वर (AHCI) नुसता बदलला, तरी धडधाकट विंडोज निळी स्क्रीन दाखवू लागतं.

चक्र फिरत राहतं

टक्केवारी दाखवत अपडेट चालू असेल तर बटण दाबू नका, तास-दोन तास थांबा. खरोखर अडकलंच असेल, तर दोन-तीनदा सुरू होता होता बंद केल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा मेनू उघडतं. आधी स्टार्टअप रिपेअर करा, मग नुकतंच आलेलं अपडेट काढा, मग सेफ मोड (मोजक्याच आवश्यक गोष्टींसह विंडोज सुरू करण्याची सोय). सेफ मोडचं मोल १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोलमडल्या, आणि त्यांतल्या कित्येक सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढताच उठल्या. खोळंबा झाला तो बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की शोधण्यात. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे लॅपटॉप चालू असतानाच बघून ठेवा.

हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर चेक डिस्क (डिस्क तपासणारी विंडोजची सोय) चालवू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण झेपत नाही. जितक्यांदा चालू कराल तितका धोका वाढतो, म्हणून लॅपटॉप बंद करून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे द्या. आवाज नसेल आणि डिस्क ठीक असेल, तर दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेनड्राइव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि फाइल उतरवून घ्या. बिटलॉकर असेल तर तिथेही ती की लागतेच.

दुरुस्तीला देताना पावतीवर 'डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असं लिहून घ्या, आणि लॅपटॉप कुठे अडतो हेही त्यातच नोंदवा.