कबड्डीच्या पोरांना खरं खेळायला कसं शिकवायचं

चढाई 30 सेकंदांची, पोरगा हात मारून परत पळतो, कोपऱ्यातल्याला नखाएवढा टच झालेला असतो आणि तो फक्त त्यालाच कळलेला असतो, पंचाला नाही. खरी शिकवणी इथेच सुरू होते बघा. मी प्रॅक्टिसला पंचच ठेवत नाही, ज्याला टच झाला त्याने स्वतः हात वर करून बाहेर जायचं. पहिले काही दिवस नुसती भांडणं होतात, होऊ द्या, लगेच मध्ये पडू नका. आणि जो स्वतःहून बाहेर गेला त्याचं नाव सगळ्यांसमोर घ्या, एका चढाईत 3 पॉइंट आणणाऱ्याच्या आधी घ्या, हे फार महत्त्वाचंय.

मॅट घालणं, पाणी भरणं कॅप्टनपासून सुरू करा, दरवेळी लहान पोरांनाच जुंपू नका. पकड सुटली की बाकीचे सहा जण एकाकडे बघतात ना, तेव्हा साखळीतल्या दुसऱ्याला विचारा, तुझा हात कुठे होता रे?

हरल्यावर लगेच लेक्चर नको, पोरं तेव्हा ऐकतच नाहीत. आधी समोरच्या टीमशी हात मिळवायचे, मग डबा खायचा, चुका दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर. आईबाप बाहेरून पंचावर ओरडत असतील तर बाजूला घेऊन नीट सांगा, पोरासमोर नको.