छोट्या गाडीसाठी सबवूफर बॉक्स बनवताय? या चुका टाळा

अल्टो के१० ची डिकी २१४ लिटरची, टियागोची २४२ ची. तयार बॉक्स ठेवला की बॅगेला जागा उरत नाही, म्हणून लोक सुताराला गाठतात. डिकीची मापं देतात, "एवढ्यात बसेल असा डबा कर" म्हणतात आणि वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) नंतर घेतात. काम बिघडतं ते इथंच. बॉक्स डिकीत मावायला हवा हे खरंच, पण त्याच्या आतली हवा वूफरला मानवली पाहिजे. नाहीतर दहा हजारांचा वूफरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

आधी वूफर, मग लिटर, मग लाकूड

वूफरसोबतच्या कागदावर थील-स्मॉलचे आकडे, म्हणजे तो वूफर कसा वागतो याची मोजमापं असतात. बंद बॉक्सच्या (ज्याला हवा जायला भोक नसतं त्याच्या) मापासाठी त्यातले दोन पुरतात: क्यूटीएस (वूफर स्वतःची हालचाल किती आवरतो) आणि व्हीएएस (वूफरच्या लवचीकपणाइतकीच लवचीक असणारी हवा, लिटरमध्ये). हा कागद ज्याच्यासोबत मिळत नाही तो वूफर घेऊच नका, मग खोक्यावर १२०० वॉट छापलेले का असेनात. (ते 'मॅक्स' वॉट असतात. बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारे वॉट.)

हिशोब अवघड नाही. ०.७०७ ला (बंद बॉक्ससाठी नेहमी धरतात तो आकडा) क्यूटीएसने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि व्हीएएसला त्या उत्तराने भागा. क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ३० लिटर असेल तर बॉक्स आतून ३० लिटरचा हवा.

'आतून' हा शब्द सुताराला दोनदा सांगा. त्याची टेप बाहेरून लागते. बाहेरून ५० × ३५ × ३० सेंटीमीटरचा बॉक्स साडेबावन्न लिटरचा वाटतो. पण १८ मिलिमीटर जाडीचा बोर्ड दोन्ही बाजूंनी ३.६ सेंटीमीटर खातो. आत उरतात ४६.४ × ३१.४ × २६.४, म्हणजे साडेअडतीस लिटर. वूफरचं मॅग्नेट आणि बास्केट (धातूचा सांगाडा) दीड-दोन लिटर अडवणार, आतला आडवा टेकू आणखी थोडी. हातात राहतात पस्तीस-छत्तीस. कापण्याआधी कागदावर सतरा लिटर सापडले तर ठीक, नंतर सापडून उपयोग नाही.

मागच्या सीटला टेकणारा तिरका बॉक्स असेल तर खालची आणि वरची खोली मिळवून निम्मी करा. खाली ३५ आणि वर २२ असेल तर हिशोबात २८.५ धरायचे. बरेच जण खालचंच माप धरतात आणि वर मॅग्नेट मागच्या फळीला टेकतं. मॅग्नेटच्या मागे भोक असेल तर त्याच्यापुढे दोन-तीन सेंटीमीटर मोकळे हवेत, नाहीतर कॉइल (मॅग्नेटमधलं तारेचं वेटोळं) तापते.

बॉक्स जरा लहान झालाय हे कसं ओळखायचं? प्रत्येक गाण्यात एकच 'धुम्म' ऐकू येतो, ढोलकी आणि बेस गिटारमधला फरक कळत नाही. थोडक्यात चुकलं असेल तर उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरा, वूफरला बॉक्स थोडा मोठा भासतो. निम्म्याच मापाचा झाला असेल तर कापूस काही करणार नाही, नवीन बॉक्स करा. उलट, फार मोठ्या बॉक्समध्ये हवेचा धरच राहत नाही आणि मोठ्या आवाजात कॉइल मागे आपटल्याचं 'टक-टक' येतं.

पोर्टचा मोह

पोर्टेड बॉक्स, म्हणजे हवा आत-बाहेर जायला पाइप बसवलेला, जोरात वाजतो, मान्य. पण ४० लिटरचा बॉक्स ३५ हर्ट्झला ट्यून करायचा (पाइपने त्या सुराला जोर द्यायचा) तर ४ इंची पाइप जवळजवळ ४१ सेंटीमीटर लांब लागतो. तो वरच्या बॉक्सच्या खोलीत सरळ मावत नाही, शिवाय स्वतःच चारेक लिटर जागा खातो. ती जागा पस्तिसात कुठून काढणार? मग ३ इंची पाइप बसवला जातो. तो २२ सेंटीमीटरमध्ये भागतो, पण आवाज वाढवला की त्यातून हवेची फसफस ऐकू येते. त्यात ट्यूनिंगच्या खालचे सूर आले की वूफरच्या हलणाऱ्या शंकूला कुणाचाच लगाम राहत नाही. सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारी सोय) नसलेल्या ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) पोर्टेड बॉक्स म्हणजे वूफर जाळायची सोय.

माझं मत सरळ आहे: छोट्या हॅचबॅकमध्ये बंद बॉक्सच. गाडीची केबिन आतून अडीच मीटरच्या आसपास असेल तर साधारण ७० हर्ट्झच्या खाली केबिन स्वतःच बेस उचलून धरते. बंद बॉक्सचा आवाज जिथे उतरायला लागतो तिथेच गाडी त्याला हात देते. गणपतीतल्या डॉल्बीसारखं छातीत धडधडायला हवं असेल तर पोर्टेड करा, पण मोठी डिकी बघून.

लाकूड आणि फटी

एमडीएफ १८ मिलिमीटरचा उत्तम: घट्ट, सपाट, कडा स्वच्छ कापल्या जातात. दोष एकच, पाणी. कोकणात पावसाळ्यात डिकीत ओल येतेच, तिथे मरीन प्लाय घ्या किंवा एमडीएफच्या कापलेल्या कडांना आधी सीलर लावा. पार्टिकल बोर्डला हातही लावू नका.

नुसते खिळे ठोकलेला जोड महिन्याभरात बोलायला लागतो. कडेला फेविकॉल, त्यावर स्क्रू, आणि स्क्रूआधी बारीक ड्रिल. नाहीतर एमडीएफची कड फाटते. आतल्या सांध्यांवर सिलिकॉन फिरवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर ते पूर्ण सुकून वास जाईपर्यंत वूफर बसवायचा नाही, त्या वाफा तांब्याला मारक असतात.

फट शोधायला यंत्र लागत नाही. फोनवरून ३० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून, टर्मिनल कपवरून (तारा जोडायच्या वाटीवरून) आणि वूफरच्या कडेवरून सावकाश फिरवा. धूर जिथे थरथरतो तिथे गळती आहे. बहुतेक वेळा ती टर्मिनल कपपाशीच निघते. वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी हवी. आणि भोक कापताना १० इंची वूफर म्हणून १० इंचाचं वर्तुळ आखू नका. कागदावरचं कटआउटचं माप त्याहून कमी असतं.

तारा, आणि त्यातून येणारे आवाज

ॲम्प सारखा 'प्रोटेक्ट'मध्ये जातोय, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतोय? आधी ओहम (कॉइलचा विरोध) बघा. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात आणि ब्रिज केलेला (दोन चॅनल एकत्र जोडलेला) साधा ॲम्प बहुधा ४ च्या खाली जायला तयार नसतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येत असेल तर अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, आणि आरसीए वायर (स्टिरिओपासून ॲम्पपर्यंत आवाज नेणारी) बॅटरीच्या तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. इथे तडजोड नाही, कारण तार पत्र्याला घासली तर गाडी पेटते.

बेस असूनही ड्रायव्हरच्या सीटवर पोकळ वाटत असेल तर बॉक्स फोडण्याआधी वूफरच्या दोन तारा उलट करून ऐका. ॲम्पवरचा गेन (स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायची खुंटी) म्हणजे आवाजाची खुंटी नव्हे. तो पूर्ण फिरवून कॉइल जाळलेले वूफर दुरुस्तीच्या दुकानात ढिगाने असतात.

बसवताना

वूफर धरून पंधरा-वीस किलोचा बॉक्स डिकीत सुटा ठेवू नका. करकचून ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवर येतो. पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने बांधा, पण फरशीत स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा: पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, तारांचे जुडगे तिथेच असतात. सीएनजी सिलिंडरच्या ब्रॅकेटला काहीही जोडायचं नाही. तशा गाडीत सीटखालचा चपटा वूफर घ्या. आणि स्टेपनीचं झाकण उघडता येतंय ना, हे बॉक्स बांधण्याआधी बघा, पंक्चर झाल्यावर नको.

एवढं करून खडखड येत असेल तर दरवेळी बॉक्सवर संशय घेऊ नका. मागच्या नंबर प्लेटवर आणि पार्सल ट्रेवर हात दाबून बघा. आवाज थांबला तर दोन रुपयांची फोमपट्टी पुरते.